पाऊण रेणापूर

येळवशीच्या दिवशी दुपारी तीननंतर माणसानं कसलाही निर्णय घेऊ नये. पोटात भज्जी, वर दोन तांबे आंबील, पाठीला कडब्याची कोप आणि तोंडावर मार्गशीर्षातलं मऊ ऊन. अशा अवस्थेत आमच्याकडं माणसांनी सोयरिकी जुळवल्यात, कर्जाला जामीन राहिलीत, एकानं तर सोसायटीची निवडणूक लढवायचं कबूल केलं होतं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: येळवस म्हणजे वेळ अमावास्या, शेतात जाऊन जेवायचा सण. आणि भज्जी म्हणजे भजी नव्हे. शेतात जे जे हिरवं आणि दाणेदार सापडेल ते सगळं बेसनात रटरटवून जे होतं ती भज्जी. ती खाऊन उठता येत नाही, हीच तिची खूण.) मी वेबसाइट काढायला 'हो' म्हणालो.

विचारणारा माझा भाचा. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बस बार्शीच्या अलीकडं असेपर्यंत तो 'अरे यार' बोलतो, बार्शी ओलांडली की 'लई' सुरू होतं आणि रेणापूरच्या पिंपळफाट्यावर उतरतो तेव्हा पुरता आमचा झालेला असतो. कोपीत माझ्याशेजारी आडवा होऊन त्यानं विचारलं,

"मामा, तुमचं लिखाण कुठं असतंय?"

"भिंतीवर."

"भिंत कुणाची?"

"कंपनीची."

"मंग उद्या कंपनीनं भिंत पाडली तर?"

मी तेरा वर्षं रोज समाजमाध्यमावर लिहितो. कोणत्या, ते विचारू नका. पुढं जे सांगणार आहे ते कंपनीचं नाव घेऊन सांगितलं तर ती खरंच भिंत पाडायची. गावात मला 'लेखक' म्हणतात. त्यातले निम्मे आदरानं म्हणतात.

भाच्यानं उदाहरणं दिली. जिओसिटीज नावाची लोकांच्या घरगुती पानांची अख्खी वस्ती होती, ती याहूनं २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. गुगल प्लस २०१९ मध्ये. ३० सप्टेंबर ही तारीख ऐकून मी उगाच गप्प झालो. आमच्या जिल्ह्यात त्या तारखेला १९९३ चा भूकंप सोडून दुसरं काही आठवत नाही. किल्लारीपुढं ऑर्कुट काय. पण पडलेल्या भिंतींचा विषय लातूरकरासमोर काढला की तो नीट ऐकून घेतो, हे भाच्याला ठाऊक असणार.

"स्वतःचं घर पाहिजे, मामा. भाड्याच्या भिंतीवर किती दिवस लिहिणार? स्टॅटिक वेबसाइट करू. सगळं तिकडून इकडं आणू. प्लगइन हाय त्याला."

"स्टॅटिक म्हणजे?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. टोपलीत भाकरी, पातेल्यात भज्जी, मडक्यात आंबील. म्हणाला, "हेच की. येळवस."

आणि मला जन्मात पहिल्यांदा संगणकातलं काहीतरी पटकन कळलं. साधी वेबसाइट म्हणजे हॉटेल. गिऱ्हाईक आलं की ऑर्डर, मग आत कोठारात शोधाशोध, मग कढई तापवा, मग ताट. गर्दी झाली की आचारी कोलमडतो. स्टॅटिक म्हणजे येळवस. आदल्या रात्रीच बायकांनी सगळं रांधून ठेवलेलं असतं, सकाळी डोक्यावर घेऊन शेतात आणायचं आणि येईल त्याला वाढायचं. आयत्या वेळी चूल पेटत नाही, आचारी पळून जात नाही, आणि चोरायला कोठारच नसतं. दहा माणसं येवोत की हजार, वाढणं तेवढं करायचं. आदल्या रात्रीचं रांधायला तयार यंत्रं मिळतात, त्यांची नावंही त्यानं सांगितली. २००८ चं जेकिल, २०१३ चं ह्यूगो, नंतरचं इलेव्हंटी. सगळी फुकट.

"आणि प्लगइन?"

"ट्रॅक्टर एकच असतोय ना मामा? मागं नांगर लावला की नांगरतोय, रोटाव्हेटर लावला की ढेकळं फोडतोय. तसं. आपल्याला मळणी यंत्र जोडायचंय. एका बाजूनं तेरा वर्षांच्या पोस्टी टाकायच्या, दुसऱ्या बाजूनं पानं पडतेत."

मळणी यंत्राचा दाखला देताना त्यानं भुसकटाचा उल्लेख शिताफीनं टाळला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तसं बघितलं तर मूळ स्टॅटिक संकेतस्थळ म्हणजे आमचं रेणापूरच. गाव रेणा नदीकाठचं, लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचं, जागचं तसूभर हललेलं नाही. रेणुकादेवी होती तिथंच आहे. बदलत गेला तो फक्त सर्व्हर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा, मग हैदराबाद राज्याचा, १९५६ ला मुंबईचा, १९६० ला महाराष्ट्राचा. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. रेणापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, गोपीनाथराव मुंडे इथून निवडून जायचे, तर २००९ च्या निवडणुकीपासून तो मतदारसंघच नकाशावरून उठला आणि आम्ही लातूर ग्रामीणमध्ये इम्पोर्ट झालो. एवढ्या स्थलांतरांत आमचा काही मजकूर गहाळ झाला का, हे मात्र कुणी तपासलं नाही.

तर भाच्यानं कंपनीकडं अर्ज केला की आमच्या मामाचं जे काही असेल ते द्या. तीन दिवसांनी एक गाठोडं उतरून घ्यायला मिळालं. ते सोडल्यावर पहिला आक्षेप आमच्या सौभाग्यवतींचा आला. प्रत्येक पोस्टीपुढं तारखेऐवजी दहा आकडे होते.

"हे चार हजार नंबर कुणाचे हायत?" तिनं विचारलं. आवाज शांत होता. तोच काळजीचा विषय.

"मामी, नंबर नाहीत ते. सेकंद हायत. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतंय संगणक."

"कशाला?"

याचं उत्तर भाच्याकडं नव्हतं. शेवटी 'मोबाइल नंबर १ पासून सुरू होत नसतोय' हा मुद्दा निघाला आणि मी सुटलो. त्यातल्या एकाला ७ नं सुरुवात असती तर हा लेख मी कुठून लिहिला असता, देव जाणे.

मग मळणी यंत्र सुरू झालं. चार हजार तीनशे पोस्टी दीड मिनिटात आत गेल्या. पानं पडली. मी चष्मा लावून बघितलं आणि मला वाटलं, मला काहीतरी झालंय.

एकही मराठी अक्षर नव्हतं. पडदाभर डोक्यावर तिरकी काडी घेतलेला इंग्रजी 'ए', त्याच्यामागं चारी कोपऱ्यांना पाय फुटलेलं एक वर्तुळ, मग काहीतरी चिन्ह. परत काडीवाला ए, परत पायवालं वर्तुळ. म्हशीच्या कानामागं गोचीड असते ना, हुबेहूब तशी. तेरा वर्षांच्या साहित्यावर गोचीडच गोचीड.

भाचा हसला. सॉफ्टवेअरवाल्यांना दुसऱ्याचं बिघडलेलं बघून जे हसू येतं, ते. त्यानं समजावलं. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, जगातली सगळी अक्षरं एकाच पद्धतीनं साठवायची युक्ती काढली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. (जगातली मोठी कामं जेवताना होतात, पुन्हा येळवस.) तिच्यात इंग्रजी अक्षराला एक खण लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. क ला तीन, वर काना दिला तर त्याचे आणखी तीन. कंपनीनं गाठोडं बांधताना हे तीन खण एकत्र एक अक्षर न मानता तीन वेगळी युरोपी चिन्हं मानली. त्यातला पहिला खण कायम काडीवाला ए. दुसरा एकतर गोचीड, नाहीतर जपानी येन. अक्षराची खरी ओळख मुख्यतः तिसऱ्यात.

"म्हणजे बगा मामा, र चं झालंय अंशाचं चिन्ह, तापमानाला असतंय ते. ण चा झालाय ब्रिटिश पौंड. आणि काना म्हणजे पाऊण. तीन छेद चार."

आम्ही मग 'रेणापूर' सोडवलं. सुरुवातीला अंश, मात्रेचा येन, मग पौंड, पाऊण, एक कायतरी अधोरेखित अक्षर, पुन्हा येन, आणि शेवटी अंश. वर पाच गोचिड्या. मला ते एकदम पटलं. गावाच्या दोन्ही टोकांना ऊन आणि मधे पैशाचं पाऊण काम. नगरपंचायतीची आजवरची सगळी अंदाजपत्रकं या एका शब्दात आली.

सौ. चहा घेऊन आली होती. तिनं विचारलं, "मामा म्हणजे काय होतंय ह्यात?"

म चं होतं गोलातला आर, तो कंपन्या आपल्या नावामागं नोंदणीची खूण म्हणून लावतात. त्यामुळं 'मामा' म्हणजे नोंदणी, पाऊण, नोंदणी, पाऊण.

"पाऊण आणि पाऊण किती?"

"दीड," मी म्हणालो.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "रीतसर नोंदणी केलेला दीडशहाणा. यंत्र चुकीचं कुठं हाय?"

'मामी'त मात्र पाऊण एकदाच येतो आणि शेवटच्या वेलांटीत येन निघतो. घरातला पैसा शेवटी कुणाच्या मुठीत असतो, हे न्यू जर्सीच्या खानावळीत बसून त्या दोघांना कसं कळलं असेल, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुरुस्तीला एक ओळ लागली. एक. ती चालवल्याबरोबर गोचिड्या झडून गेल्या आणि माझं मराठी उभं राहिलं. खरं सांगू का, थोडं वाईटही वाटलं. गोचिड्यांत ते फार गहन दिसत होतं. सुटं झाल्यावर पहिली पोस्ट निघाली: 'शुभ सकाळ. आज थंडी आहे.'

तारखांचं त्रांगडं याहून मजेशीर निघालं. मी पहाटे पाचला उठून लिहितो. आमच्याकडं पाच वाजतात तेव्हा लंडनमधल्या ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनं आदल्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, आणि यंत्र ग्रीनिचची तारीख धरून चालत होतं. परिणाम असा की माझ्या सगळ्या पहाटा एक दिवस मागं सरकल्या. प्रजासत्ताक दिन २५ जानेवारीला. महाराष्ट्र दिन ३० एप्रिलला. निजामानं १७ सप्टेंबरला शरणागती पत्करली, माझ्या पानावर १६ लाच. मराठवाड्याला एक दिवस आधी मुक्त करणारा मी एकमेव लेखक असेन.

भाचा ते साडेपाच तास जोडायला बसला तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. आप्पांच्या खिशात पंचांग असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तारीख बदलती कधी म्हणतोस? आपल्या घड्याळात साडेपाचला? मंग बरोबरच हाय की. सूर्य उगवल्याबिगर वार बदलतोय का कुठं? रात्री बाराला दिवस बदलतोय हे कुणी सांगितलं तुला?" पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हे खरंच आहे, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात उगवतो. भाचा कळफलकावरची बोटं उचलून बघत राहिला. ग्रीनिचची मध्यरात्र आणि रेणापूरचा सूर्योदय यांचं गोत्र एक आहे हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. साडेपाच तास त्यानं जोडलेच, पण आप्पा गेल्यावर.

आता प्रत्येक पानाला पत्ता द्यायचा. यंत्र पोस्टीची पहिली ओळ उचलतं आणि तिचाच पत्ता करतं. पण करताना ते 'स्वच्छ' करतं. ज्यानं ही स्वच्छता लिहिली त्याच्या मते अक्षर म्हणजे अक्षर, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडणं ही सगळी वरची सजावट, लग्नातल्या मांडवासारखी. ती काढून टाकली की उरतं ते खरं. त्यामुळं 'रेणुकामातेच्या यात्रेच्या शुभेच्छा' या पोस्टीचा पत्ता झाला 'रणकमतचय-यतरचय-शभचछ'. तो मोठ्यानं वाचला तर अंगातलं भूत उतरावं. आणि माझ्या काकांच्या पंच्याहत्तरीचा फोटो, वर ओळ 'काकांचा केक', त्याचा पत्ता 'ककच-कक'.

'ककच-कक' घरात आठ दिवस चाललं. नातवानं कोंबडीचं नाव ठेवलं.

दुसरं एक प्लगइन बघितलं तर ते त्याहून कर्मठ. इंग्रजी सोडून बाकी सगळंच अस्वच्छ, अशी त्याची धारणा. त्यानं प्रत्येक मराठी पत्ता पुसून कोरा केला. चार हजार पोस्टींचा पत्ता एकच, कोरा. म्हणून प्रत्येक नवी पोस्ट आधीच्या पोस्टीच्या उरावर बसली आणि शेवटी वाड्यात एकच पान शिल्लक राहिलं. ते माझंही नव्हतं, कुणाचं तरी फॉरवर्ड केलेलं गुडघेदुखीचं औषध होतं. तेरा वर्षांच्या साधनेचं सार म्हणून ते वाईट नव्हतं.

फोटोंचं फार सांगत नाही. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी छापली होती की भारतीयांच्या 'गुड मॉर्निंग' चित्रांनी फोन तुंबायला लागलेत, दर तीन माणसांत एकाच्या फोनमधली जागा रोज संपते. ती बातमी वाचून मी तेव्हा फार हसलो होतो. आणि ती गुलाबाच्या चित्रासोबत टाकली होती. गिटहब पेजेसवर फुकट जागा मिळते पण प्रसिद्ध होणारं संकेतस्थळ १ जीबीच्या आत असावं लागतं. माझे गुलाब, वाफाळते कप आणि उगवते सूर्य मिळून दोनच्या वर गेले. भाच्यानं सूर्य आधी काढले.

आता भुसकट. यंत्राला चाळणी लावता येते: फक्त स्वतःची वाक्यं ठेव, दुसऱ्याचं उचललेलं गाळ. लावली. चार हजार तीनशेच्या राहिल्या नऊशे. त्यातून 'शुभ सकाळ' गाळलं, दोनशे सत्तर. त्यातून 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' बाजूला काढल्या, एकशे बारा. भाचा खाली मान घालून म्हणाला, "एकरी उतारा कमी हाय, मामा." सोयाबीनला असा उतारा आला असता तर पंचनामा तरी झाला असता.

शुभेच्छा आणि श्रद्धांजल्या मात्र मी टाकू दिल्या नाहीत. यंत्रानं नावावरून पानं एकत्र लावली तेव्हा एकेका माणसाच्या नावाखाली २०१३ च्या शुभेच्छा, २०१४ च्या, १५ च्या, एका वर्षी नुसतंच 'जन्मदिन', आणि मग एकदम काळ्या चौकटीतला फोटो. पुढं काही नाही. तेवढी पानं मी म्हटलं राहू दे.

हे सगळं निस्तरल्यावर एक दिवस मी सावकाश वाचायला बसलो. आणि लक्षात आलं की खाली काहीच नाही. प्रत्येक पोस्टीखाली लोक लिहायचे ते नाहीच. "दुसऱ्यांनी लिहिलेलं तुमच्या गाठोड्यात येत नाही," भाचा म्हणाला. "ते त्यांचं." मी दुसऱ्यांना दिलेली उत्तरं मात्र आली होती, वेगळ्या फायलीत, एकाखाली एक. ती वाचणं म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाचं फोनवरचं बोलणं ऐकणं. 'हो ना!' 'तसं नाही आप्पा.' 'परवा येतो.' 'कोण म्हणतंय?' 'नाही, ती म्हैस विकली.' 'तुम्हीच सुरुवात केली होती.' 'हा हा हा.' 'हा हा हा' कशावर होतं, आणि सुरुवात कुणी केली होती? एक संपूर्ण भांडण मी एकटाच भांडलेलो दिसत होतो, आणि तरी हरलेलो.

भाच्यानं धीर द्यायला सांगितलं की अमेरिकेत पोर्टलंडला २०११ पासून काही लोक याच कामाला लागलेत, आपलं लिखाण आपल्या घरी असावं म्हणून. त्यांच्या दोन रीती आहेत. आधी बाहेर लिहायचं आणि मग घरी आणायचं, तिचं नाव पेसोस. आधी घरी लिहायचं आणि मग बाहेर पाठवायचं, तिच्या नावाचा उच्चार तो काहीतरी इंग्रजी करत होता, मी अक्षरं लावून वाचली तर 'पोसे'. घरी पोसायचं, मग बाहेर धाडायचं. म्हटलं, हे आपल्याकडं लेकरांच्या बाबतीत करतात. तो पुण्याचं तिकीट काढत होता, त्यानं ऐकलं नसावं.

पण एका ठिकाणी मी अडकलो. एप्रिल २०१६. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: त्या महिन्याच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्या पानावर 'शुभ सकाळ' नाही. गुलाब नाही. नुसत्या दोन-दोन शब्दांच्या पोस्टी. 'टँकर ६ ला.' 'आला नाही.' 'आला, मारुतीपाशी.' 'अर्धाच.' माझ्या एकशे बारा दाण्यांत निम्मे हेच. आणि त्याच पोस्टींखाली तेव्हा चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास लोक लिहायचे. आमच्या गल्लीत कधी, रांग कुठवर, कुणाकडं ड्रम हाय का, म्हातारी एकटीच हाय दोन घागरी ठेवा. ते सगळं कंपनीच्या भिंतीवर राहिलं. माझ्या वाड्यात आलं, 'आला, मारुतीपाशी.'

"खाली लिहायला चौकट देता येईल का?" मी भाच्याला विचारलं.

"स्टॅटिकला नसतीया, मामा. आयत्या वेळी काही शिजत नाही ना. बाहेरच्या कंपनीची चौकट लावता येती."

"म्हणजे परत दुसऱ्याची भिंत."

तो गप्प झाला. मग मीच त्याला सांगितलं, प्रत्येक पानाखाली एक ओळ टाक: 'प्रतिक्रिया द्यायची असल्यास घरी या.' मी विनोद म्हणून सांगितलं होतं. त्यानं आज्ञा म्हणून टाकलं आणि पुण्याची बस धरली.

दुवा मी सगळ्या गटांवर पाठवला. पत्ता मराठीत, म्हणजे पाठवताना प्रत्येक खुणेचे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ नऊ तुकडे झाले. एकट्या 'रेणापूर'ची त्रेसष्ट चिन्हं. पहिल्या तासात तिघांनी विचारलं की ही लॉटरी आहे का, आणि एकानं दाबू नका म्हणून सगळ्यांना सावध केलं. पण टक्के बघून काहींनी दाबलंच. व्याजाचा दर वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आप्पा. हातात फोन. "वाचलं," म्हणाले आणि बसले. चहा झाला. मग उठता उठता, "त्या दिवशी टँकर मारुतीपाशी नव्हता. मारुतीपाशी आला म्हणून तू लिहिलंस आणि आम्ही धावलो, तर तो निघून गेलता." दहा वर्षं हे त्यांच्या पोटात होतं.

तिसऱ्या दिवशी चौघं. एकजण नुसता रस्त्यावरून अंगठा वर करून गेला, सायकलवरून उतरलासुद्धा नाही. एक म्हातारबाबा रोज येऊन 'छान' एवढंच म्हणतात. एकजण दुसऱ्याच्या हाताला धरून ओढत घेऊन आला, "ह्याला टॅग केलंय," म्हणाला, आणि तो दुसरा बिचारा का आणलंय हे न कळता बसून राहिला. कुणीतरी गुडघेदुखीचं औषध विचारत आला. दोघं २०१६ च्या रांगेवरून माझ्या ओट्यावर असे भांडले की मला फाटकाला कडी घालून ब्लॉक करावं लागलं. ते फाटकाबाहेर उभं राहून प्रतिक्रिया देत राहिले. त्यातला एक जाताना म्हणाला, "ड्रम माझा होता. लिव्हून ठेव." मी लिहून ठेवला. ज्या म्हातारीच्या दोन घागरींचं मला आठवत होतं तिचा मुलगा आला, तो म्हणाला दोन नव्हे, तीन. तेही लिहिलं.

आता रोजचे सरासरी अकरा होतात. येळवस संपून तीन महिने झाले, आमच्या घरी संपलेली नाही. काल रात्री मी झोपलोय असं समजून सौ.नं पुण्याला फोन लावला.

"बाबा, तिकडून इकडं आणायचं यंत्र होतं ना तुझ्याकडं," ती हळू आवाजात म्हणत होती, "तसं इकडून परत तिकडं न्यायचं काही असंल तर बघ रे. साखर संपायली."